कुलूप, ताबा आणि सहा महिने

आईच्या ट्रंकेत लुगड्यांखाली मनिऑर्डरचे अकरा फॉर्म निघाले. प्रत्येकावर पोस्टमनचा एकच शेरा, ‘घेण्यास नकार’, आणि कोपऱ्यात कोर्टाचा निशाणी क्रमांक. आमच्या गिरगावच्या खोलीचे भाडे घरमालकाने १९८२ साली घेणे बंद केले, तरी आई ते दरमहा टपालाने पाठवत राहिली. परतच येणारे पैसे पाठवायचे कशाला, असे मी कॉलेजच्या तोऱ्यात तिला विचारले होते. तिने उत्तर दिले नाही. उत्तर १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात होते. भाडेकरू भाडे द्यायला तयार आणि राजी असेल, तोवर थकबाकीच्या कारणावरून त्याला बाहेर काढता येत नसे. आजच्या, म्हणजे १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १५मध्येही हेच तत्त्व आहे. थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस, मग नव्वद दिवसांची वाट, आणि त्यानंतरच दावा.

पुढच्या वर्षी गावचे गणपती आटोपून परतलो, तर दाराला दुसरेच कुलूप. सगळी चाळ ते फोडायच्या मताची. चौकीत ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ एवढेच ऐकायला मिळाले. वकिलांनी मात्र आमचे भाडेपावत्यांचे गाठोडे बाजूला सारून विचारले, “कुलूप लागून किती दिवस झाले?”

या प्रश्नामागे १९६३च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे, वकिलांच्या तोंडी ‘स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट’चे, कलम ६ आहे. संमतीशिवाय आणि कायद्याचा मार्ग सोडून ज्याचा ताबा काढून घेतला, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा. न्यायालय तिथे मालक कोण हे विचारतच नाही. ताबा कोणाकडे होता आणि तो कसा गेला, एवढेच पाहते. ‘जागा माझी आहे’ हा मालकाचा बचाव तिथे चालत नाही, आणि निकालावर अपीलही नाही. मालकी आणि ताबा हे शब्द बोलताना आपण एकमेकांत मिसळतो. कायद्याने ते जाणूनबुजून वेगळे ठेवले आहेत. १९२४ साली मिदनापूरच्या जमीनदारीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हेच सांगितले. १९८९च्या कृष्णराम महाले प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले : स्थिर ताबा असलेल्याला जागेत राहण्याचा हक्क उरला नाही असे धरले, तरी त्याला न्यायालयाच्या मार्गानेच काढले पाहिजे. (सरकारविरुद्ध मात्र कलम ६खाली दावा लावता येत नाही. ही फट मला आजही खटकते.)

सहा महिने उलटले की ही जवळची वाट बंद होते. मग आपला हक्क पहिल्यापासून शाबीत करत बसायचे. कुलूप लागल्यावर माणसे नेमके हेच महिने विनवण्यांत आणि मध्यस्थांच्या चहात घालवतात.

आता चाळी थोड्या आणि अकरा महिन्यांचे लीव्ह अँड लायसन्सचे करार फार. या करारात भाडेकरूचे संरक्षण बरेच पातळ आहे, हे कबूल केले पाहिजे. मुदत संपल्यावर राहिलात तर कलम २४खाली दुप्पट शुल्क पडू शकते. पण त्यासाठीसुद्धा मालकाने जायचे ते सक्षम प्राधिकाऱ्याकडे, कुलूपवाल्याकडे नव्हे. पाणी किंवा वीज सबळ कारणाविना तोडायला कलम २९ची मनाई आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ने मालकावर टाकली आहे. तो नोंदवलेला नसेल, तर उलट शाबीत होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. माझ्या ओळखीतली कितीतरी मुले कराराची प्रतही मागून घेत नाहीत.

आमचा दावा चौथ्या महिन्यात लागला. बेलिफासमोर ते कुलूप निघायला दीड वर्ष गेले. तेवढे दिवस आम्ही मामाकडे, एका खोलीत सातजण. ताबा मिळाला तरी भांडण मिटले नव्हते. मालकाने थकबाकीचे कारण देऊन रीतसर दावा लावला, आणि तो त्याचा हक्कच होता. त्या दाव्यात आईने पिंजऱ्यात उभे राहून पिशवीतून अकरा फॉर्म काढले. मालकाच्या वकिलांनी पहिले तीन वाचले आणि उरलेले न वाचताच परत दिले.