ट्रॉपचा दुसरा आकडा

कॅज्युअल्टीतून आलेल्या ट्यूबचं झाकण हिरवं आहे ना, हे लॅबमधला तंत्रज्ञ आधी बघतो. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये हेपॅरिन असतं, त्यामुळे रक्त गोठण्याची वाट बघावी लागत नाही. पिवळ्या झाकणाची आली तर अर्धा तास त्यातच जातो, आणि छातीत दुखणाऱ्या माणसाचा अर्धा तास फार महाग असतो. पुण्यातल्या एका रुग्णालयात रात्रपाळीला बसून मी हे काम पाहत होतो. ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरते, लाल पेशी खाली बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. तोच लालसर दिसला तर रक्त काढताना पेशी फुटल्या असं समजायचं. मग फोन जातो, "सिस्टर, हिमोलाइज झालंय, दुसरं पाठवा." पलीकडून काय ऐकू येतं ते न लिहिलेलं बरं.

प्लाझ्मा यंत्रात गेला की वीसेक मिनिटांत ट्रोपोनिनचा आकडा येतो. इथे सगळे त्याला 'ट्रॉप'च म्हणतात. हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशींना इजा झाली की रक्तात उतरतं. ट्रॉपच्या आधी हे काम दुसऱ्या तपासण्या करत. आज आपण यकृताची म्हणून करतो ती एसजीओटी तपासणी 1954 मध्ये हार्ट अटॅक ओळखण्यासाठी पुढे आली होती. नंतर सीके-एमबी आली, आणि 1980च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत ह्यूगो काटुस यांनी ट्रोपोनिन टी मोजण्याची पद्धत विकसित केली. याच ट्रोपोनिन टीच्या आताच्या अतिसंवेदनशील चाचणीत 14 नॅनोग्रॅम प्रति लिटर ही सीमा धरतात, कारण 100 निरोगी माणसांपैकी 99 जणांचा आकडा तिच्या आत राहतो.

पण एकट्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. डायलिसिसवरच्या एका आजोबांचा ट्रॉप 40 आला आणि नातेवाइकांचे चेहरे उतरले. तासाभराने 41. मूत्रपिंड बिघडलेल्यांचा ट्रॉप बहुधा चढलेलाच असतो. धोका आहे, पण तो जुना. त्याच रात्री दुसऱ्या एका गृहस्थांचा आकडा आला 9. घरची मंडळी निघायच्या तयारीत होती, डॉक्टरांनी थांबवलं. तासाने दुसरी ट्यूब आली, आकडा 31. त्यांना लगेच आत घेतलं. म्हणूनच तंत्रज्ञ ट्यूबवर रक्त काढल्याची वेळ नसली की चिडतो. वेळ नसेल तर दोन आकड्यांमधला फरक काढायचा कशाचा?

निदान झाल्यावरही रक्ताचं काम संपत नाही. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात छातीदुखीच्या 1404 रुग्णांचा ट्रोपोनिन आय, म्हणजे ट्रोपोनिनचा दुसरा प्रकार, मोजला होता. सर्वांत कमी आकडा असलेल्यांमध्ये 42 दिवसांत मृत्यूचं प्रमाण 1 टक्का होतं, सर्वांत जास्त असलेल्यांमध्ये साडेसात टक्के. म्हणजे आकडा जितका वर, तितकी घाई अधिक. हृदयावरचा ताण एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी सांगते. आणि ग्रेस नावाच्या धोका-गणितात वय, नाडी, रक्तदाब यांच्याबरोबर मूत्रपिंडाचं काम दाखवणारं साधं क्रिएटिनिनही धरतात. ट्रॉपच्या गडबडीत या स्वस्त तपासणीकडे कुणी वळून बघत नाही, हे मला खटकलं. मूत्रपिंड थकलेलं असेल तर हार्ट अटॅक झेपणं कठीण जातं.

इसीजीत एसटी भाग ठळकपणे उचललेला दिसला तर मात्र ट्रॉपसाठी कुणीही थांबत नाही, रुग्ण थेट कॅथलॅबमध्ये जातो.

तेव्हा छातीत दुखलं, घाम फुटला, तर कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त देऊन रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका. 108ला फोन करा. रुग्णालयात पोहोचल्यावर पहिल्या 10 मिनिटांत इसीजी व्हायला हवा, तो मागून घ्या. दुखायला नेमकं किती वाजता लागलं ते डॉक्टरांना सांगा. आणि पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुसरी ट्यूब देण्याआधी घरी निघू नका.