एका स्क्रिप्टची साडेअकरा वर्षे

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. जव्हार आणि मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा १ ऑगस्टला व्हायचा होता. या दोन तालुक्यांतल्या शाळा, आश्रमशाळा आणि दाखले काढून देणारी केंद्रे यांचे संगणक दुरुस्त करत मी फिरायचो. समोर येणारी बहुतेक यंत्रे एक्सपीचीच असत. शहरात जुना झालेला संगणक घाट चढून आमच्याकडे येतो आणि इथे त्याची दुसरी नोकरी सुरू होते. म्हणून एकाच खोलीत तीन पिढ्यांची यंत्रे शेजारी शेजारी दिसतात.

प्रत्येक ठिकाणी तीच ती कामे हाताने करून वेळ जाई, तेव्हा पेनड्राइव्हवर एक बॅच फाइल, म्हणजे छोटी स्क्रिप्ट, लिहून ठेवली. साठलेल्या तात्पुरत्या फायली काढायच्या, कागदपत्रांची प्रत बाजूला ठेवायची, प्रिंटर लावायचा आणि मराठी चालू करायची, एवढेच तिचे काम.

त्यात मराठीचे काम सगळ्यांत अडचणीचे. एक्सपीवर देवनागरीची सोय मुळात बंद असे. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर एका चौकोनात खूण करावी लागे. त्या चौकोनापुढे उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषांचा आणि थाईचा उल्लेख होता, मराठीचा नव्हता. हा चौकोन आपल्यासाठी आहे हे गुरुजींना कळायचे तरी कसे? खूण केली की यंत्र मूळ सीडीतल्या आय३८६ फोल्डरमधल्या फायली मागे, आणि सीडी कोणाकडेच नसे. ते फोल्डर मी सोबत बाळगत असे. २००७च्या व्हिस्टापासून ही सोय आतच आली. म्हणजे स्क्रिप्टने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा होता: तू कोणते व्हर्जन?

विचारणे सोपे होते. कमांडच्या खिडकीत ‘व्हर’ लिहिले की एक्सपी ५.१ सांगे. विंडोज ७ मात्र ६.१ सांगे, ८ सांगे ६.२ आणि ८.१ सांगे ६.३. खोक्यावरचे नाव एक, आतला आकडा दुसरा. मी अट घातली: आकडा ६.० पेक्षा लहान असेल तर एक्सपीची वाट, नाहीतर नवी वाट.

२९ जुलै २०१५ला विंडोज १० आली आणि आतला आकडा झाला १०.०. त्या वर्षी दिवाळीनंतर मोखाड्याकडच्या एका केंद्रावर माझी स्क्रिप्ट चालवली. तिने चालता प्रिंटर-ड्रायव्हर काढून टाकला आणि एक्सपीचा बसवायला गेली. तो बसेना. केंद्र चालवणारा मुलगा म्हणाला, “दादा, हे भलतंच काहीतरी मागतंय.” बाहेर एक बाई पोराच्या दाखल्यासाठी बसल्या होत्या. त्यांचे घर दुसऱ्या दिवशी जगायला निघायचे होते. वीटभट्टीवर जाण्याला आमच्याकडे हाच शब्द आहे. त्या दिवशी छपाई झाली नाही.

चूक माझी होती. बॅच फाइलमध्ये टिंब असलेले आकडे संख्या म्हणून जुळवले जात नाहीत, अक्षरे म्हणून जुळवले जातात. हजेरीपटावर आडनावे पहिल्या अक्षरावरून लागतात, तसा एकाने सुरू होणारा १०.० हा सहाने सुरू होणाऱ्या ६.०च्या आधी लागला. सर्वांत नवे यंत्र सर्वांत जुने ठरले. त्या रात्री मी टिंबापाशी आकडा तोडून पहिला तुकडा पूर्णांक म्हणून तपासायला लावला. दुसरी दुरुस्ती मला अधिक महत्त्वाची वाटते: व्हर्जन ओळखीचे नसेल तर कशालाही हात लावायचा नाही. काळ्या कमांड खिडकीत देवनागरी नीट उमटत नाही, म्हणून स्क्रिप्ट नोटपॅड उघडून तिथे मराठीत सांगू लागली, “हे व्हर्जन ओळखता आले नाही. काहीही बदललेले नाही. फोन करा.”

पुढची काही वर्षे प्रत्येक विंडोज १० स्वतःला १०.०च म्हणवत होती. फरक कळे तो मागच्या बिल्ड आकड्यावरून. मे २०१९च्या अपडेटने, बिल्ड १८३६२ने, मराठीचा उच्चारानुसारी कीबोर्ड आणला. इनस्क्रिप्ट कीबोर्ड न शिकलेल्यालाही रोमन अक्षरांवरून मराठी लिहिता येऊ लागली. पण ते अपडेट काही जीबींचे. जव्हारच्या पावसात वीज जाते, नेटवर्क जाते, आणि अपडेट अर्ध्यावर राहते. शेजारच्या दोन टेबलांवर एकाला तो कीबोर्ड आहे, दुसऱ्याला नाही, हे चित्र मी अनेकदा पाहिले.

१४ जानेवारी २०२०ला विंडोज ७चा आधार संपला. यंत्र आणि प्रणाली न जुळण्याची अडचण फोनांतही दिसली. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. अंगणवाडीच्या नोंदींचे पोषण ट्रॅकर ॲप त्या दोन जीबी रॅमच्या फोनांना पेलत नव्हते आणि त्यात मराठीही नव्हती. त्यांचे म्हणणे मला लगेच समजले. ज्याने ॲप बनवले त्याने सेविकेच्या हातात काय आहे हे आधी विचारले नव्हते.

५ ऑक्टोबर २०२१च्या विंडोज ११ने नवा घोळ घातला. ‘व्हर’ अजूनही १०.०, आणि रजिस्ट्रीतले नावही ‘विंडोज १०’च. बिल्ड २२००० किंवा पुढचा असेल तर ती ११, एवढीच खूण. अनेक जण व्हर्जन विचारायला ‘डब्ल्यूएमआयसी’ वापरत; विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून ते साधनच मुळात बसवलेले येत नाही. तेव्हापासून मी शक्य तिथे व्हर्जन विचारतच नाही. मराठी कीबोर्ड आहे का, फोल्डर आहे का, प्रिंटर उत्तर देतो का, हे थेट विचारतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चाही आधार संपला. इथल्या जुन्या यंत्रांपैकी कितीतरींत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, त्यामुळे ११ त्यांच्यावर रीतसर चढत नाही. ती यंत्रे फेकली जाणार नाहीत हे मला माहीत आहे.

एक्सपीची वाटही मी स्क्रिप्टमधून काढलेली नाही. खोडाळ्याच्या बाजूला एका शाळेत मुले अजून तसल्या एका यंत्रावर, इंटरनेटशिवाय, मराठी टायपिंगचा सराव करतात. आय३८६चे फोल्डर पेनड्राइव्हवर आहे.