पाऊण म्हणजेच तीन छेद चार



धारूरच्या डोंगरपट्ट्यातील तांड्यांवर आणि पारधी वस्त्यांवर ‘अर्धा’ हा शब्द मुलांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या मजुराला ‘अर्धा कोयता’. दुकानातून पाव किलो साखर आणणे, सव्वा किलो पीठ मोजणे ही कामे आठ-नऊ वर्षांची मुले बिनचूक करतात. पण तेच मूल फळ्यावर ३/४ पाहिले की गप्प बसते. त्याला ‘तीन छेद चार’ असे वाचायला शिकवलेले असते. हाच आपला रोजचा ‘पाऊण’, हे मात्र कोणी सांगितलेले नसते.

आपल्या भागात ही अडचण अधिक जाणवते. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. शाळेचे वर्ष मधोमध तुटते. इतर धडे मागाहून भरून काढता येतात, पण अपूर्णांकाची कडी निसटली की दशांश, शेकडेवारी आणि व्याज ही पुढची दारे बंद होतात. म्हणून आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात हा विषय आम्ही हाताने शिकवतो. त्याची रीत येथे देत आहे.

भाकरी : समान वाटे

पहिला प्रश्न असा : एक भाकरी तिघांत वाटली तर जास्त मिळेल की चौघांत? उत्तर लगेच येते, ‘तिघांत!’ मग फळ्यावर १/३ आणि १/४ लिहून मोठा कोणता ते विचारावे. बरीच मुले १/४ म्हणतात, कारण चार हा तीनपेक्षा मोठा. अशा वेळी चूक म्हणून न खोडता पुन्हा भाकरीकडे न्यावे. वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, हे मुलाने स्वतः म्हणावे. खालचा आकडा, म्हणजे छेद, एकूण समान वाटे किती ते सांगतो. वरचा अंश त्यांतले किती घेतले ते सांगतो.

येथे दोन गोष्टी ठसवाव्यात. वाटे समान नसतील तर तो पाव नव्हे, नुसता तुकडा. आणि लहान भाकरीची अर्धी ही मोठ्या भाकरीच्या अर्धीएवढी नसते. तुलना करताना ‘पूर्ण’ एकच हवे.

कागदाच्या पट्ट्या : एकच लांबी, अनेक नावे

जुन्या वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापाव्यात. एक पूर्ण ठेवावी, दुसरीला एक घडी घालावी, तिसरीला दोनदा, चौथीला तीनदा. उघडल्यावर दोन, चार आणि आठ भाग दिसतात. पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की १/२, २/४ आणि ४/८ यांची लांबी एकच आहे हे डोळ्यांना दिसते. सममूल्य अपूर्णांकाची व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही.

बेरीजही याच पट्ट्यांवर होते. १/२ + १/३ विचारले की मुले वरचे वर आणि खालचे खाली मिळवून २/५ लिहितात. तेव्हा पाच भागांची पट्टी जवळ ठेवून विचारावे, ‘२/५ अर्ध्यापेक्षा मोठा की लहान?’ तो लहान भरतो. अर्ध्यात भर घातल्यावर अर्ध्याहून कमी कसे होईल? येथे मुले स्वतःच थबकतात. मग सहा भागांची पट्टी द्यावी. अर्धा म्हणजे ३/६, तिसरा हिस्सा म्हणजे २/६, मिळून ५/६. समच्छेद कशासाठी करायचा, हे त्यांना कळते.

चिंचोके आणि दोरी

बारा चिंचोक्यांचे चार सारखे ढीग करून तीन उचलले की १२ चा पाऊण ९, हे समजते. मग भिंतीवर दोरी बांधून तिच्यावर ०, १, २, ३ च्या चिठ्ठ्या लावाव्यात आणि दीड, सव्वादोन, पावणेतीन कुठे येतील ते मुलांना दाखवायला सांगावे. ‘पावणेतीन’ ऐकून काही मुले तीनच्या पुढे जातात. तो तीनला पाव कमी आहे, हे दोरीवर एकदा पाहिले की विसरत नाही. भाकरीच भाकरी वापरली तर अपूर्णांक नेहमी एकाहून लहानच असतो असा समज होतो. दोरीमुळे तो दूर होतो.

क्रम मात्र सोडू नये : आधी वस्तू, मग चित्र, मग बोलीतला शब्द आणि शेवटी चिन्ह.

हिशेब कशासाठी?

जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. वजनपावतीवर २.७५० टन लिहिले असेल तर ते पावणेतीन टन. दोन टनांचे ७३२ रुपये, पाऊण टनाचे २७४.५०, मिळून १००६.५०. मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली आणि अर्ध्या दिवसाच्या खाड्याचे किती कापले, हेही याच गणितात येते. घरात एका मुलीला हा हिशेब मांडता आला, तर आईवडिलांना दुसऱ्याच्या तोंडी आकड्यावर विसंबून राहावे लागत नाही.

आपण काय करू शकता?

या शिकवणीला पैसे जवळजवळ लागत नाहीत, वेळ लागतो. आपल्या मंडळीतील वडीलधाऱ्यांनी लहानपणी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी आणि दिडकी पाठ केली असेल. ते अपूर्णांकांचेच पाढे. आठवड्यातून एक तास जवळच्या वस्तीवरील मुलांसोबत बसून ते म्हणून दाखवा आणि प्रत्येक ओळीला चिंचोके मांडा. कुटुंबे कारखान्यांकडे निघण्यापूर्वी मुलांच्या दप्तरात घडी घातलेल्या पट्ट्यांचा एक संच द्या. फडावरच्या खोपीतही त्या उघडून बसता येते.