फुकटच्या मिक्सरचा हिशेब
(रीलमागचे कायदे : भाग ६)

आयकर कायद्याचे कलम ४४एडीए आणि त्यातला पन्नास टक्क्यांचा हिशेब या आठवड्यात मांडायचे कबूल केले होते. तो पुढे ढकलतो, कारण गेल्या भागावर आलेला एक प्रश्न आधी निकालात काढायला हवा. पाककृतींच्या रील करणाऱ्या एका वाचक भगिनीला एका कंपनीने अठरा हजारांचा मिक्सर पाठवला. रोख एक रुपया नाही, बदल्यात दोन रील. त्यांचे म्हणणे असे, की वीस हजारांच्या आतल्या वस्तूवर टीडीएस लागत नाही, तेव्हा विवरणपत्रात ती दाखवायचे कारणच काय? बार्टरवर काम करणाऱ्या बहुतेकांचा हाच समज असतो आणि तो चुकीचा आहे. वीस हजारांची रेष देणाऱ्यासाठी आखलेली आहे. कंपनीने कर कापायचा की नाही, एवढेच ती ठरवते. घेणाऱ्याला उत्पन्न झाले की नाही, याच्याशी तिचा काही संबंध नाही.

उत्पन्न ठरवणारे कलम वेगळे आणि बरेच जुने आहे. धंद्यातून किंवा व्यवसायातून मिळालेला लाभ, मग त्याचे पैशांत रूपांतर होवो वा न होवो, त्या व्यवसायाचेच उत्पन्न मानायचा, हे कलम २८ मध्ये १९६४ च्या वित्त कायद्याने घातले. तेव्हा रील नव्हत्याच, पण विक्रेत्यांना सोन्याची नाणी आणि डॉक्टरांना फ्रिज देण्याची रीत कंपन्यांत पुढे चांगलीच रुजली. घेणारे हे लाभ विवरणपत्रात दाखवत नाहीत, असे कारण देऊन सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात असे लाभ देणाऱ्याला टीडीएस कापायला लावणारे कलम १९४आर आणले आणि १ जुलै २०२२ पासून ते लागू झाले. अर्थसंकल्पानंतर तीनच आठवड्यांनी, २२ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने अपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात निकाल दिला. डॉक्टरांना दिलेली सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप यांचा खर्च औषध कंपनीला उत्पन्नातून वजा करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. घेणाऱ्यापुरते बोलायचे, तर १९४आर ने नवा कर बसवला नाही, जुना कर चुकवण्याच्या वाटेवर नाका बसवला. (आयकर अधिनियम, २०२५ ने १ एप्रिल २०२६ पासून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुने आकडे तोंडात बसलेले असल्याने इथे तेच वापरले आहेत.)

आता मिक्सरचा आकडा तपासू. समजा, जीएसटी वगळून त्याची किंमत १८,००० रुपये. कंपनी स्वतः उत्पादक असेल, तर ग्राहकाला ज्या भावाने विकते तो भाव धरायचा. जूनमध्ये मिक्सर आला, कर कापला गेला नाही. डिसेंबरात त्याच कंपनीने ९,००० चा ओव्हन पाठवला. आर्थिक वर्षाची बेरीज २७,००० झाली, रेष ओलांडली गेली आणि दहा टक्के लागले ते वरच्या सात हजारांवर नाही, सगळ्या सत्तावीस हजारांवर. पण वस्तूतून कर कापणार कसा? त्याला दोन वाटा आहेत. एक तर घेणाऱ्याने आगाऊ कर भरून चलनाची प्रत कंपनीला द्यायची, नाही तर कंपनीने तो पदरचा भरायचा. पदरचा भरला, की तो करही लाभच ठरतो. मग हिशेब उलटा होतो : लाभ ३०,०००, कर ३,०००. घरात वस्तू सत्तावीस हजारांच्या असताना एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, तीस हजार का दिसतात, याचे उत्तर हे आहे. उलट, घरगुती मसाले विकणाऱ्या एखाद्या बाईंची आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या आत असेल, तर त्यांनी कितीही किमतीची वस्तू दिली तरी त्यांना कर कापावा लागत नाही. तरीही घेणाऱ्याचे उत्पन्न ते उत्पन्नच.

यावर हमखास पुढे येतो तो पन्नास हजारांपर्यंतच्या भेटी माफ असल्याचा मुद्दा. ती मर्यादा कलम ५६ मधली आहे आणि मोबदला न देता मिळालेल्या गोष्टींसाठी आहे. इथे मोबदला दिलेला आहे, दोन रील. शिवाय त्या कलमातल्या वस्तूंच्या यादीत दागिने, शेअर, चित्रे, शिल्पे असे मोजके प्रकार येतात, मिक्सर त्यात नाहीच. मैत्रिणीने खरोखर भेट दिलेला मिक्सर कितीही महाग असला तरी त्यावर कर नाही, आणि कामापोटी आलेला कितीही स्वस्त असला तरी ते उत्पन्न आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : मागितलेच नव्हते, पार्सल आपणहून दारात आले. कंपनीने टीडीएस कापला म्हणजे रक्कम करपात्र ठरलीच, असे नाही. घेणाऱ्याच्या हातात तो लाभ करपात्र आहे का, हे कंपनीने तपासायची गरज नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे १६ जून २०२२ चे परिपत्रकच सांगते. तेव्हा न मागता आलेल्या आणि कुठेही न दाखवलेल्या डबीबद्दल वाद घालायला जागा आहे. पण व्हिडिओ केला आणि वस्तूही ठेवली, तर ती जागा उरत नाही. चित्रीकरणानंतर वस्तू परत केली तर तो लाभ धरायचा नाही, हेही त्याच परिपत्रकात इन्फ्लुएन्सरांचे नाव घेऊन लिहिले आहे. परत पाठवल्याची कुरिअरची पावती मात्र जपून ठेवा.

शिवाय 'भेट' म्हणण्यात दुसऱ्या कायद्याशी गाठ पडते. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेनुसार फुकट वस्तू, सवलत, सहल, हॉटेलचा मुक्काम हे सगळे कंपनीशी असलेले हितसंबंध ठरतात आणि ते प्रेक्षकाला स्पष्ट सांगावे लागतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दंड दहा लाखांपर्यंत आहे. म्हणजे रीलवर 'जाहिरात' लिहायचे आणि विवरणपत्रात 'भेट' म्हणायचे, ही दोन तोंडे झाली. आणि पहिले तोंड सगळ्यांना दिसेल असे इंटरनेटवर पडून असते. जीएसटीच्या कायद्यात तर वस्तुविनिमय पुरवठ्याच्या व्याख्येतच आहे. वीस लाखांच्या उलाढालीची बेरीज करताना मिक्सरही मोजायचा.

राहिला शेवटचा आक्षेप : नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य, मग ही उठाठेव कशाला? वाचक भगिनीच्या बाबतीत कर शून्य येईलही, पण वरच्या उदाहरणासारखे कंपनीने ३,००० रुपये भरले असतील, तर ते विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळणार नाहीत. चार लाखांच्या वर उत्पन्न असेल, तर कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावेच लागते. आणि वस्तू उत्पन्नात दाखवली, की तिचा फायदाही घेता येतो. सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकानुसार, उत्पन्नात धरलेली किंमत हीच त्या वस्तूची खरेदी किंमत मानून व्यवसायातल्या वापरापुरता घसारा मागता येतो. घरच्या चटणीसाठी तोच मिक्सर फिरत असेल, तर तेवढा भाग सोडायचा. वस्तू लपवणाऱ्याला हा घसारा नाही.

म्हणून एक साधी वही करा : तारीख, कंपनी, वस्तू, जीएसटी वगळून किंमत, रीलचा दुवा, ठेवली की परत केली. मिक्सर नोंदवल्यावर घसारा वेगळा मागायचा की ४४एडीएखाली जमेचा निम्मा हिस्सा उत्पन्न दाखवून मोकळे व्हायचे, हा हिशेब या वहीशिवाय होत नाही. ४४एडीएखाली गेले, की वेगळा घसारा मिळत नाही. आणि रील करणारा त्या कलमातल्या व्यवसायांत बसतो का, इथूनच मुळात वाद आहे. तो पुढच्या आठवड्यात, आता खरेच.