दुखणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला का?

दिवाळी झाली, धान कापणीला आलं की भंडारा जिल्ह्यात नाचाचा हंगाम सुरू होतो. गावोगावच्या मंडया, रात्रीची दंडार, खडी गंमत, झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटकं आणि त्यांच्या पाठोपाठ शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं. कथ्थक किंवा भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींना परीक्षेचाही घोर असतो. दहावीच्या निकालात शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे घरच्यांचंही लक्ष तिकडे लागलेलं. सराव वाढतो, थंडीही वाढते, आणि नेमक्या याच दिवसांत कुणाची पिंढरी धरते, कुणाच्या मांडीत मागून कळ जाते. मग सल्ले सुरू होतात. देणारे सगळे मायेचेच असतात, पण त्या सल्ल्यांतले निम्मे तरी पाय आणखी बिघडवणारे असतात.

‘शीर चढली जी, मालिश करून घ्या’

शीर चढत नाही आणि उतरतही नाही. नाचताना एकदम कळ आली आणि पाय टेकवेना, तर बहुतेक वेळा स्नायूचे काही तंतू तुटलेले असतात आणि आत थोडा रक्तस्राव झालेला असतो. काहीच तंतू दुखावले असतील तर पहिली पायरी, बरेच तुटले असतील तर दुसरी, आणि स्नायू पूर्ण तुटला असेल तर तिसरी, अशी डॉक्टरांची ढोबळ विभागणी असते. अशा ताज्या जखमेवर अंगठ्याने दाबून, पाय ओढून मालिश केली की थांबत आलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. मांडीला जोराचा मार लागला असेल तर धोका आणखी मोठा. तिथे जोरात रगडल्याने कधी कधी स्नायूच्या आत चक्क हाड तयार होऊ लागतं. मग गुडघा पूर्ण वाकत नाही आणि हे निस्तरायला महिने जातात.

हळदीच्या लेपाबद्दल माझी तक्रार नाही. त्यात चुना जास्त झाला तर कातडी भाजते, एवढंच ध्यानात ठेवावं. शेक मात्र पहिले दोन-तीन दिवस नको. त्या काळात फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवला तर दुखणं कमी होतं. पण तासन्‌तास बर्फ लावूनही स्नायू लवकर जुळत नाही. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी १९७८ मध्ये गेब मिरकिन या अमेरिकी डॉक्टरांनी लोकप्रिय केली. पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याला उशीर होऊ शकतो.

‘पंधरा दिवस पलंगावरून उतरू नको’

मालिशीच्या नेमकं उलट्या टोकाचा हा सल्ला, आणि तोही चुकीचा. पहिले एक-दोन दिवस पायाला आराम हवा, हे खरं. त्यानंतर दुखण्याच्या मर्यादेत हालचाल सुरू करायला हवी. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू दुखावलेल्या ५० हौशी खेळाडूंवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचे व्यायाम दुसऱ्या दिवसानंतर सुरू केले, निम्म्यांचे नवव्या दिवसानंतर. लवकर सुरुवात करणारे साधारण ६२ दिवसांत खेळायला परतले, उशिरा करणाऱ्यांना ८३ दिवस लागले. मधला फरक फक्त एका आठवड्याच्या आरामाचा होता, आणि त्याची किंमत तीन आठवडे.

हे आकडे आणखी एका कारणासाठी पालकांनी पाहावेत. ‘आठ दिवसांत नाचेल ना?’ हा प्रश्न दवाखान्यात हमखास विचारला जातो. अगदी किरकोळ दुखापत दोन-तीन आठवड्यांत बरी होते. मधल्या दर्जाच्या दुखापतीला दोन-अडीच महिने लागणं हे नेहमीचंच आहे.

‘ताण दिला की मोकळं होतं’

नृत्याच्या वर्गात हा समज सर्वांत खोल रुजलेला आहे, कारण नाचणाऱ्याचा स्वतःच्या लवचिकतेवर फार विश्वास असतो. मांडी मागून आखडल्यासारखी वाटली की मुलगी पाय बारवर किंवा खिडकीच्या कठड्यावर टाकते आणि वाकून ओढत बसते. कार्ल आस्कलिंग या स्वीडिश संशोधकांनी २००२ च्या अभ्यासात नृत्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मांडीच्या दुखापतींची माहिती गोळा केली. दर तिघांतल्या एकाला मागच्या दहा वर्षांत मांडीच्या मागच्या बाजूला अचानक दुखापत झालेली होती. त्यांतल्या ८८ टक्के दुखापती उडी मारताना किंवा पळताना झालेल्या नव्हत्या. त्या झाल्या होत्या सावकाश ताण देताना, स्प्लिटसारख्या प्रकारांत. म्हणजे जो व्यायाम आपण औषध म्हणून करतो, त्यातच इजा होते.

त्यांचाच २००७ चा अभ्यास याहून बोलका आहे. धावताना मांडी धरलेले १८ धावपटू आणि ताण देताना मांडी धरलेले १५ व्यावसायिक नर्तक यांची त्यांनी तुलना केली. सुरुवातीला नर्तकांचं दुखणं कमी होतं, लंगडणंही कमी. तरी पूर्वीच्या पातळीवर यायला धावपटूंना मध्यक १६ आठवडे लागले आणि नर्तकांना ५०. जवळजवळ वर्ष! याचं कारण जागेत आहे. ताण देताना होणारी इजा बहुधा नितंबाच्या हाडाजवळ, जिथे स्नायू कंडरेने हाडाला जोडलेला असतो, तिथे होते. तिथली दुरुस्ती मंद चालते. म्हणून बसताना टोचणारं, वाकताना खोलवर ओढणारं दुखणं ‘थोडंसंच आहे’ म्हणून सोडून देऊ नये आणि त्यावर आणखी ताण तर मुळीच देऊ नये.

मग लवचिकता परत कशी येणार? ताकदीच्या वाटेने. स्नायू लांब होत असतानाच त्याला भार पेलायला लावणारे, हळूहळू वाढत जाणारे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. त्याने स्नायू लांबही होतो आणि मजबूतही. नुसतं ओढणं शेवटच्या टप्प्यापर्यंत थांबलं तरी काही बिघडत नाही. सरावाआधीही लांबलचक ताण देण्यापेक्षा दहा-बारा मिनिटं चालणं, जागच्या जागी हलक्या उड्या, सांधे फिरवणं यांनी अंग तापवावं. थंडीत उघड्या मांडवामागे तास-दोन तास बसून थेट प्रवेशाला जाणाऱ्या कलाकारांना तर याची फार गरज आहे.

‘एक्स-रे चांगला आहे, मग काही झालेलं नाही’

एक्स-रेत हाड दिसतं, स्नायू दिसत नाही. तो पाहायला सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो, आणि बहुतेक दुखापतींत तज्ज्ञाच्या हाताने केलेली तपासणीच पुरते. याचा अर्थ एक्स-रे निरुपयोगी, असा मात्र नाही. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींत वाढीच्या जागची हाडं अजून पक्की जुळलेली नसतात. स्प्लिट करताना नितंबाखाली ‘फट्’ असा आवाज येऊन कळ आली तर स्नायू शाबूत राहून त्याने हाडाचा तुकडाच उपटून घेतलेला असू शकतो. या वयात अशा वेळी एक्स-रे काढलाच पाहिजे.

‘आता दुखत नाही, मग नाचू दे’

दुखापत पुन्हा होते ती बहुतेक या वाक्यामुळे. दुखणं आधी जातं, ताकद नंतर येते, आणि मधले काही आठवडे पाय फसवा असतो. पावसाळ्यात फुटलेला बांधीचा धुरा मातीने बुजवला तरी ती माती दाबून बसेपर्यंत पाणी तिथूनच पुन्हा फुटतं. स्नायूचंही तसंच. पहिली दुखापत हेच दुसरीचं सर्वांत मोठं कारण असतं.

तेव्हा परतीचा दिवस कॅलेंडर पाहून ठरवू नये. पायाला काय काय जमतं ते पाहावं. लंगड न येता चालता येतं का, जिना उतरता येतो का? दोन्ही पायांवर टाचा उचलता येतात का, नंतर एका पायावर? चांगल्या पायावर जितक्या वेळा टाच उचलली जाते, दुखऱ्या पायावर जवळजवळ तितक्याच वेळा, न दुखता उचलली गेली पाहिजे. मग अर्धं बसणं. मग घुंगरांशिवाय, विलंबित लयीत तत्कार, तोही पाच-सात मिनिटं. त्यानंतर मध्य लय, द्रुत, चक्कर. लावणी करणाऱ्या मुलीला झटक्याने बसणं-उठणं फार उशिरा द्यावं. उड्या आणि स्प्लिट सगळ्यांत शेवटी.

एका वेळी एकच गोष्ट वाढवावी: वेळ, लय किंवा घुंगरांचं वजन. लय आणि घुंगरू एकाच दिवशी वाढवले तर दुखणं कशामुळे परतलं ते कळतच नाही. सराव करताना दहापैकी दोन-तीन इतपत जाणवणारं दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिल्लक असेल किंवा पाय आखडला असेल तर एक पायरी खाली उतरायचं. सिमेंटच्या फरशीवर पहिला आठवडा तरी तत्कार नको. जाड सतरंजीवरही नको, तिच्यात पाय अडकतो.

गोळी, स्प्रे किंवा इंजेक्शन घेऊन रंगमंचावर जाण्याबद्दल एवढंच सांगतो, की दुखणं दाबलं जातं, तुटलेले तंतू जुळत नाहीत. क्रेप पट्टीही आधाराची आठवण देते, ताकद देत नाही.

‘नाचता येत नाही, तर वर्गाला येऊन काय करणार?’

पुष्कळ काही. बोलांची पढंत, टाळी-खाली, हस्तमुद्रा, अभिनय, मानेच्या आणि नजरेच्या हालचाली, हे सगळं खुर्चीवर बसून होतं. एरवी पायांच्या घाईत हेच मागे पडतं. शिवाय चांगल्या पायाचा व्यायाम चालू ठेवला तर दुखऱ्या पायाची ताकदही कमी घटते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. घरी बसवलेली मुलगी वर्गात आल्यावर इतरांना गाठायला धावते, आणि त्या धावण्यातच पुन्हा पडते.

जिद्दीची गोष्ट निघाली की सुधा चंद्रन यांचं नाव घेतलं जातं. मुंबईत भरतनाट्यम शिकलेल्या या नर्तिकेचा पाय १९८१ च्या अपघातानंतर कापावा लागला आणि जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या. ही गोष्ट सांगणारे मधली वर्षं गाळतात. त्या रंगमंचावर परतल्या १९८४ मध्ये. त्यांच्या जिद्दीत थांबण्याची ताकदही होती, आणि आपण मुलींना उदाहरण देतो ते मात्र दुखऱ्या पायावर उभं राहण्याचं.

कळ येताना ‘फट्’ आवाज झाला, स्नायूत खड्डा हाताला लागला, पायावर भारच देता येईना, किंवा पिंढरी दगडासारखी टणक होऊन बोटं बधिर पडली, तर वैद्यबुवांकडे थांबू नका. थेट रुग्णालय गाठा. शेवटच्या प्रकारात तर तासातासाला महत्त्व असतं. बाकी दुखापतींसाठी नृत्यशिक्षकांना एक विनंती आहे. स्नेहसंमेलनाचा नाच बसवताना प्रत्येक जागेसाठी एक बदली मुलगी पहिल्या दिवसापासून तयार ठेवा. म्हणजे कुणाचा पाय दुखावला तर ‘मॅडम, मी नाचते, काही होत नाही’ असं खोटं बोलायची पाळी तिच्यावर येणार नाही.