पायातील जिवंत हाड आणि जबड्याची पुनर्रचना

शस्त्रक्रियेत एखादे हाड काढून टाकावे लागल्यास त्या जागी दुसरे हाड बसविण्याची कल्पना जुनीच आहे. बसविलेले हाड जगवावे कसे, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुटला नव्हता. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून पोकळीत ठेवला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो व त्यातील बहुतेक अस्थिपेशी मरतात. उरतो तो केवळ सांगाडा. भोवतालच्या निरोगी ऊतींतून रक्तवाहिन्या व नव्या पेशी त्यात शिरतात, जुने हाड झिजवितात आणि नवे रचतात. पोकळी लहान असेल तर हे काम पुरे होते. ती पाच-सहा सेंटिमीटरहून मोठी असेल तर मधला भाग पुष्कळदा विरघळतो किंवा मोडतो. आणि भोवतालच्या ऊती किरणोपचाराने निकामी झालेल्या असतील, तर नवे रक्त येणार तरी कोठून?

यावरील उपाय म्हणजे हाड त्याच्या रोहिणी व नीलेसह उचलणे आणि नव्या जागेतील वाहिन्यांशी सूक्ष्मदर्शकाखाली जोडणे. मेलबर्न येथील शल्यविशारद इयान टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली अशा शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. नडगीच्या मोडलेल्या हाडातील मोठी पोकळी त्यांनी दुसऱ्या पायातील बहिर्जंघास्थी, म्हणजेच फिब्युला, वापरून भरली होती. हे कलम जिवंत असल्यामुळे मोडलेले हाड सांधावे तसे सांधते.

याच हाडाची निवड का, याचे उत्तर शरीररचनेत आहे. शरीराचा बहुतेक भार नडगीचे हाड पेलते. बाहेरच्या बाजूच्या या बारीक, लांब हाडावर त्याचा अल्प भाग येतो. गुडघ्याजवळील व घोट्याजवळील सहा-सात सेंटिमीटर भाग राखून मधले वीस-पंचवीस सेंटिमीटर हाड काढता येते. वरच्या टोकाजवळून पाऊल उचलणारी मज्जा जाते, तर खालचे टोक घोट्याला स्थैर्य देते. म्हणून ती राखण्यात तडजोड नसते.

१९८९ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी खालच्या जबड्यासाठी या हाडाचा वापर मांडला. सरळ हाडाचा अर्धवर्तुळाकार जबडा कसा व्हावा? त्याच्या पृष्ठभागावरील पातळ आवरणातून जागोजागी रक्त मिळत असल्याने, ते आवरण सांभाळून हाडाला पाचरीसारखे छेद दिले तरी तुकडे जिवंत राहतात. ते वळवून धातूच्या पट्टीने स्थिर केले जातात. सोबत आणलेली त्वचा तोंडाच्या आतील अस्तर होते. तंबाखू-चुना, मावा व मिश्रीमुळे मुखकर्करोगाचे रुग्ण ज्या महाराष्ट्रात आजही रुग्णालये भरून टाकतात, तेथे या पद्धतीचे मोल वेगळे सांगावयास नको. (गुटख्यावर येथे २०१२ पासून बंदी आहे, पानटपरीवर ती दिसतेच असे नाही.) शस्त्रक्रियेनंतर अनेकांना किरणोपचार घ्यावे लागतात, आणि स्वतःचे रक्त घेऊन आलेले हाड ते अधिक चांगले सोसते.

मात्र सारी भिस्त दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या वाहिन्यांवर असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांत गुठळी होण्याचा धोका सर्वाधिक, आणि तो रोहिणीपेक्षा नीलेत जास्त. त्वचेचा तुकडा फिकट पडला तर रक्त येत नाही, निळसर झाला तर परत जात नाही, असे समजावे. सावळ्या त्वचेवर रंग ओळखणे कठीण जाते. तेव्हा सुई टोचून रक्ताचा रंग पाहतात. रात्रपाळीच्या परिचारिकेने हा बदल वेळीच टिपला आणि रुग्णास तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले, तर कलम वाचू शकते. कुशल शल्यविशारदाइतकीच ही देखरेख निर्णायक आहे, पण तिची चर्चा क्वचितच होते.

पायालाही किंमत मोजावी लागते. काहींच्या अंगठ्याची वाकण्याची शक्ती कमी होते, घोटा आखडतो. वाढत्या वयाच्या मुलांत घोटा बाहेर कलण्याचा धोका असतो. मोजक्या व्यक्तींत पावलाचा रक्तपुरवठा मुख्यतः याच हाडालगतच्या रोहिणीवर अवलंबून असतो. तिथे हात घातल्यास पाऊलच गमवावे लागेल; म्हणून पायातील वाहिन्यांची तपासणी आधी करून घेणे इष्ट.

जबडा घडला म्हणजे चावता येऊ लागले, असेही नव्हे. हे हाड दात असलेल्या जबड्यापेक्षा उंचीने बरेच कमी भरते. त्यामुळे कधी ते दुहेरी घडी करून बसवितात. दंतरोपण त्यात करता येते, परंतु त्याचा वेगळा खर्च व पुढील अनेक महिने पुष्कळांच्या आवाक्याबाहेर राहतात. असे रुग्ण नव्या जबड्यानिशी मऊ भातावरच दिवस काढतात.