हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल? इंग्रजीतल्या जुळ्या विशेषणांमधला फरक

पुणे–सातारा महामार्गालगत भोर तालुक्यात वरवे बुद्रुक आहे आणि वरवे खुर्दही. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं. दोन्ही शब्द मूळचे फारसी. नुसतं ‘वरवे’ सांगितलं तर पाहुणा भलत्याच गावात पोहोचू शकतो.

इंग्रजीतल्या काही विशेषणांचंही असंच आहे. मूळ एकच, पण शेवट बदलला की अर्थ बदलतो.

हिस्टॉरिक / हिस्टॉरिकल
मराठीत दोन्हींना ‘ऐतिहासिक’च म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. इतिहासात महत्त्वाचं ठरलेलं ते हिस्टॉरिक. 2025 मध्ये राजगडासह 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तो हिस्टॉरिक क्षण. इतिहासाशी संबंधित ते हिस्टॉरिकल. ‘श्रीमान योगी’ ही हिस्टॉरिकल कादंबरी.

इकॉनॉमिक / इकॉनॉमिकल
अर्थव्यवस्थेशी संबंधित ते इकॉनॉमिक, जसं की इकॉनॉमिक पॉलिसी. कमी खर्चाचं ते इकॉनॉमिकल. जास्त अ‍ॅव्हरेज देणारी गाडी इकॉनॉमिकल असते, इकॉनॉमिक नाही.

क्लासिक / क्लासिकल
आपल्या प्रकारातला उत्कृष्ट नमुना तो क्लासिक. ‘शोले’ क्लासिक सिनेमा आहे. शास्त्रीय किंवा अभिजात परंपरेतलं ते क्लासिकल. म्हणून 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला मिळाला तो ‘क्लासिकल लँग्वेज’चा दर्जा.

इंडस्ट्रियल / इंडस्ट्रियस
इंडस्ट्रियल म्हणजे औद्योगिक, इंडस्ट्रियस म्हणजे मेहनती. नोकरीच्या अर्जात ‘मी मेहनती आहे’ असं सांगताना ‘इंडस्ट्रियल’ लिहिलंत, तर तुम्ही स्वतःला औद्योगिक म्हणवून घेता!

मग नियम काय?
‘कल’ लागलं की ‘संबंधित’ असा अर्थ होतो, असं वाटू शकतं. हिस्टॉरिकलला ते लागू पडतं, पण इकॉनॉमिकलला नेमकं उलट. त्यामुळे एकच नियम पाठ करून भागत नाही. शब्द एकटा न शिकता जोडीदारासकट लक्षात ठेवा: हिस्टॉरिक मोमेंट, हिस्टॉरिकल नॉव्हेल, इकॉनॉमिक पॉलिसी, इकॉनॉमिकल कार, क्लासिकल म्युझिक.

मोबाइलचं स्पेलिंग तपासणारं फीचर इथे फारसं कामाला येत नाही, कारण दोन्ही स्पेलिंग बरोबरच असतात. म्हणून पोस्ट किंवा अर्ज पाठवण्याआधी स्वतःलाच विचारा: मला बुद्रुकला जायचंय की खुर्दला?